रुखवतातली आगगाडी

"रुखवत आजवर बायकांनी मांडलं, म्हणून त्याची ही अवस्था झाली," विश्वंभर टेंभेकरांनी जेवता जेवता जाहीर केलं. "सुपारीचे भटजी, साखरेच्या बाहुल्या, खणाची सप्तपदी. कोण बघतं? मृदुलाच्या लग्नात रुखवत मी मांडणार. झाशीत असं रुखवत कुणी पाहिलं नसेल."

"आधी जेवून घ्या," कमळाबाई म्हणाल्या. "वरण गार झालं."

विश्वंभर रेल्वेत गार्ड होते. उभा जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढला. पुढे काय चाललंय ते इंजिनवाल्याला ठाऊक, आणि मागे काय काय राहून गेलं ते यांना. निवृत्तीनंतर त्यांनी झाशीच्या नगरा भागातल्या घराच्या वरच्या खोलीत स्वतःचीच रेल्वे काढली. दिवाणाएवढी प्लायवूडची फळी, तिच्यावर दोन स्टेशनं, एक फाटक, एक डोंगर आणि डोंगरातून आरपार बोगदा. नुसती गाडी फिरवून गप्प बसणारा हा माणूस नव्हे. चहावाल्याची किटली मोटारीवर खालीवर होई. फाटक पडलं की पलीकडे उभी असलेली गाय शेपूट हलवी. प्लॅटफॉर्मवरचं माकड प्रवाशाच्या हातातलं केळं हिसकावून खांबावर चढे, मग सावकाश खाली उतरून केळं परत देई, कारण पुढच्या फेरीला त्याला ते पुन्हा हिसकवायचं असे.

आवाजही सगळे होते. शिट्टी, घंटा, "चाय गरम", आणि अनाउन्समेंट खुद्द कमळाबाईंच्या आवाजात. गाडी मध्येच अडकून पडली की आपोआप सुरू होई : "गाड़ी अनिश्चित समय के लिए विलंब से चल रही है. असुविधा के लिए हमें खेद है." हे दुसरं वाक्य कमळाबाईंनी संसारात कधी उच्चारलं नव्हतं. रेकॉर्डिंगलासुद्धा त्या मोठ्या मिनतवारीने तयार झाल्या.

डोंगरापायी तर अख्खा हिवाळा गेला. आत जाळी, वर प्लास्टर, त्यावर रंगवलेल्या भुशाचं गवत. मृदुला लहानाची मोठी झाली तेव्हा विश्वंभर लाइनवर असत. तिला कमळाबाईंनी वाढवलं. डोंगर मात्र त्यांनी स्वतःच्या हातांनी वाढवला होता आणि त्याला कुणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे.

आता हा डोंगर लग्नात न्यायचं खूळ डोक्यात का शिरलं, तर त्याला कारण व्याही. मृदुलाचा पियूष मुलगा सोन्यासारखा. मराठी समजतो, बोलताना हिंदीत घसरतो, एवढंच. पण त्याचे वडील नानासाहेब! त्यांचं घराणं मराठी फौजेबरोबर झाशीत आलेलं, स्वयंपाकघराला अजून मुदपाकखाना म्हणणारं. साखरपुड्याला त्यांनी चारचौघांत विश्वंभरांच्या पाठीवर थाप मारली.

"आम्ही इथे घोड्यावर बसून आलो, टेंभेकर. तुम्ही आलात रेल्वेच्या फुकट पासावर."

आणि स्वतःच हसले. विश्वंभरही हसले, मुलीचे बाप होते बिचारे, पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. रेल्वे म्हणजे काय चीज आहे ते या माणसाला दाखवायचंच, आणि त्याच्या तोंडून एक शाबासकी काढायचीच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

बेत असा होता. रुखवताचं टेबल मांडवाला लागूनच ठेवायचं. एका स्टेशनावर पाटी 'सासर', दुसऱ्यावर 'माहेर'. वरपक्षाने मंगळसूत्र सासरच्या स्टेशनात मालगाडीच्या पहिल्या उघड्या डब्यात ठेवायचं. विश्वंभर हिरवी झेंडी दाखवणार, गाडी बोगद्यातून माहेरी येणार, आणि तिथून पियूषने ते उचलून मृदुलाच्या गळ्यात घालायचं. पियूष ऐकूनच खूश झाला. नानासाहेबांनी भुवया उंचावल्या.

"मंगळसूत्र मालगाडीने?"

"पॅसेंजरला एवढी सुरक्षितता नसते," विश्वंभर म्हणाले.

"एकच चक्कर हां," नानासाहेब म्हणाले, आणि बेत पक्का झाला.

लग्न प्रेम नगरातल्या एका हॉलमध्ये होतं. अक्षता पडल्या, हार घातले गेले, वाजंत्री थांबली. आदल्या रात्री विश्वंभरांनी गाडी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली होती, कुठे खडखड नाही. आता त्यांनी जुना युनिफॉर्मचा कोट धोतरावर चढवला आणि हातात झेंडी घेतली. नानासाहेबांनी डब्यात मंगळसूत्र ठेवलं. सगळा हॉल मान उंचावून बघायला लागला.

गाडी निघाली. घंटा वाजली, गायीने शेपूट हलवलं, माकडाने केळं हिसकावलं. पोरं खिदळली. इंजिन बोगद्यात शिरलं, मंगळसूत्राचा डबा शिरला, आणि मग आतून 'खट्ट' असा आवाज येऊन सगळं थांबलं. मागचे डबे बोगद्याच्या तोंडात एकमेकांवर चढून बसले होते.

तेवढ्यात स्पीकरमधून कमळाबाईंचा गोड आवाज आला, "असुविधा के लिए हमें खेद है."

खऱ्या कमळाबाईंनी कपाळावर हात मारला.

विश्वंभर डबे ओढायला वाकले, तर मागून आवाज आला, "हाथ मत लगाना कोई."

हे कुशवाहाजी, रेल्वेत रुळांचे इन्स्पेक्टर होते. त्यांच्यामागून सिग्नलवाले श्रीवास्तवजी आणि डबे तपासणारे दोघे तिघे अशी वधूपक्षाची अर्धी पाहुणेमंडळी टेबलाभोवती जमली. आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. रेल्वेत गाडी घसरली की प्रत्येक खात्याचा माणूस तिथे येतो आणि दोष आपल्या खात्याचा नाही हे आधी सिद्ध करतो. ते होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. जन्मभर हेच केलेली माणसं ती, निवृत्त झाली म्हणून काय सवय जाते?

"पटरी बिलकुल ठीक है," चष्मा पुसत कुशवाहाजी म्हणाले. "यह पहले नोट हो."

"सिग्नल हरा था. हमने खुद देखा," श्रीवास्तवजी म्हणाले.

"अहो, मंगळसूत्र आत आहे," विश्वंभर कळवळून म्हणाले.

"मिल जाएगा, टेंभेकर भैया. पहले गवाही." कुशवाहाजींनी नानासाहेबांकडे बोट केलं. "आप घटना के समय कहाँ खड़े थे?"

"मैं? मैं दूल्हे का बाप हूँ."

"वो ठीक है. खड़े कहाँ थे?"

नानासाहेबांना जन्मात कुणी असं विचारलं नसेल. त्यांनी निमूटपणे जागा दाखवली.

गुरुजी पाटावरून ओरडले, "यजमान, थोड्या वेळात राहुकाळ लागतो. त्याआधी मंगळसूत्र बांधलं पाहिजे. मग मला बोल लावू नका."

तोवर कुशवाहाजींनी बोगद्याच्या तोंडातून एक चेपलेला बेसनाचा लाडू बाहेर काढला. वास घेतला. पुरावा अर्धा खाऊन पाहिला.

"माल ऊँचा लदा था. किसने लादा?"

"मी," कमळाबाई पुढे आल्या. "सकाळी बघितलं तर सगळे डबे रिकामे. लेकीच्या सासरी रिकामं काही पाठवतात का? मंगळसूत्राचा डबा सोडून एकेक लाडू ठेवला प्रत्येकात. लिंबाएवढेच केले होते. काय चुकलं माझं?"

विश्वंभरांनी आदल्या रात्री गाडी फिरवून पाहिली होती ती रिकामीच! चौकशी समितीने कमळाबाईंकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. पंगत अजून बसायची होती.

"लड्डू की ऊँचाई ठीक है," कुशवाहाजींनी निकाल दिला. "सुरंग नीची बनी है." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एवढ्या वर्षांत सगळ्या खात्यांचं एकमत पहिल्यांदाच झालं असेल.

चौकशी संपली पण मंगळसूत्र आतच. मागचे डबे निघून आले, पुढचा डबा आत उलटा पडलेला. बोगदा लांब, त्याला मध्ये वळण, तोंड अरुंद. नानासाहेबांनी टॉर्च मारून पाहिलं आणि सरळ उभे राहिले.

"फोडा हा डोंगर. आचाऱ्याकडून कोयता आणा."

विश्वंभर डोंगराच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभे राहिले. "नानासाहेब, वाटेल ते करा. हुंड्याचं बोला, मानपानाचं बोला. डोंगराला हात लावायचा नाही."

"घराण्याचं मंगळसूत्र आहे ते. माझ्या आजीच्या गळ्यातलं."

"आणि डोंगर माझ्या हातचा आहे."

"अहो, शरम वाटू द्या थोडी," कमळाबाई म्हणाल्या. "पोरगी बघतेय."

पोरगी नुसती बघत नव्हती. शालू आवरत मृदुला टेबलापाशी आली. "बाबा, सरका. लग्न माझं आहे की डोंगराचं?" असं म्हणून तिने मेंदीचा हात कोपरापर्यंत बोगद्यात घातला, जरा चाचपलं आणि तिचा चेहरा उजळला. "सापडलं." मग चेहरा पडला. "बाबा, हात निघत नाहीये."

मूठ मिटलेली, तिच्यामागे हिरव्या चुड्याच्या बांगड्या गोळा झालेल्या. मूठ सोडावी तर मंगळसूत्र पुन्हा पडणार. ओढावं तर बांगड्या फुटणार.

"चुडा फुटता कामा नये हां," पियूषच्या आई सुहासिनीबाई घाबऱ्या झाल्या. "अपशकुन होतो."

आता मात्र विश्वंभर पेचात पडले. एका बाजूला लेकीचा चुडा, एका बाजूला डोंगर. आचारी कोयता घेऊन दारात येऊन उभाही राहिला होता. "फोडा" असं त्यांच्या ओठांवर आलं, खरंच आलं, पण पियूष त्याआधी बोलला.

"एक मिनट, बाबूजी." तो वळसा घालून पलीकडच्या तोंडाशी गेला, इंजिन अलगद बाहेर काढून ठेवलं आणि आपला हात आत घातला. "मृदुला, थोडं पुढे कर."

"किती पुढे? हां, हे बोट कुणाचं?"

"माझंच असेल. दुसरं कोण आहे इथे?"

हॉलमध्ये हशा पिकला. मंगळसूत्र या हातातून त्या हातात गेलं, पियूषने ते दोन बोटांत लोंबकळवत बाहेर आणलं. मृदुलाची मूठ सुटली, हातही सुटला. एक बांगडी पिचली नाही. डोंगराचं गवतसुद्धा हललं नाही.

"पाणिग्रहण झालं," गुरुजी म्हणाले. "आत का होईना. चला, पटकन बांधा."

विश्वंभरांना ब्रह्मांड आठवलं होतं, ते आता कुठे खुर्चीत टेकले.

पंगत बसली तेव्हा मुख्य पाटावर नानासाहेब दिसेनात. शोधाशोध झाली. ते रुखवताच्या टेबलाशी वाकून एकटेच उभे होते.

"व्याही," त्यांनी मान वर न करता विचारलं, "हे माकड केळं परत का देतं?"

विश्वंभरांनी समजावून सांगितलं. नानासाहेबांनी ते पुन्हा करायला लावलं. मग फाटक, मग गाय, मग अंधार करून स्टेशनातले दिवे. विश्वंभरांनी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला, वेग कुठे कमी करायचा ते शिकवलं. जिलेबी गार झाली तरी दोघांना पत्ता नाही.

"मानलं तुम्हाला, टेंभेकर," शेवटी नानासाहेब म्हणाले. "असली कारागिरी मी बघितली नव्हती. खरंच सांगतो."

विश्वंभरांची छाती कोटात मावेना. त्यांनी तेल कुठे घालायचं, कुठली तार ढिली होते, सगळं सगळं सांगून टाकलं. हातचं काही राखलं नाही.

संध्याकाळी पाठवणीची तयारी झाली. हॉलबाहेर सीपरी बाजारात, वराच्या घरी जाणारा टेम्पो उभा होता. विश्वंभर बाहेर आले तर नानासाहेब स्वतः उभे राहून चार माणसांकडून त्यांची फळी टेम्पोत चढवून घेत होते. डोंगराला खाली गादी, वर चादर.

"नानासाहेब, हे... हे कुठे?"

"सांभाळून रे, माकडाला धक्का लावू नका," नानासाहेबांनी हमालांना दटावलं आणि मग वळले. "काय म्हणालात?"

"ही गाडी कुठे नेताय?"

"घरी. रुखवत ना हे?"

"हो, पण..."

विश्वंभरांनी कमळाबाईंकडे पाहिलं. कमळाबाई सोनेरी काठाचा पदर डोळ्यांना लावत होत्या, त्या थांबल्या.

"अहो, रुखवत मुलीबरोबर सासरी जातं," त्या म्हणाल्या. "ते कधी कुणी परत आणतं का?"

टेम्पो सुरू झाला. मागोमाग नवरा-नवरीची गाडी निघाली. तेव्हा विश्वंभर जे रडायला लागले ते कुणाला आवरेनात. कुशवाहाजींनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. सगळा हॉल हळहळला. बापाचं काळीज ते, लोक म्हणाले, वरून किती कठोर वाटत होते, पण लेकीत किती जीव होता बघा.

तेव्हापासून दर रविवारी विश्वंभर लेकीला भेटायला सीपरी बाजारात जातात. लेक बहुतेक वेळा घरी नसते.