मास्तरांची त्रिज्या

निवृत्त गणितमास्तरांच्या घरी मासा आला तो खालच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. "तेवढीच सोबत," म्हणत त्यांनी तो पातेल्यासकट मास्तरांच्या हाती दिला. बायको गेल्यापासून मास्तरांना बोलायला कुणी नव्हतं. मुलगा परगावी. दर रविवारी त्याचा फोन यायचा: जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवू का. फोन संपला तरी मास्तर तो बराच वेळ हातात धरून बसत.

माशासाठी दुकानदाराने फोनवरच गोल काचेचं भांडं सुचवलं. "चौदा लिटरचं आहे. रुंदी मोजून सांगू?"

"मोजता कशाला? लिटर सांगितलेत ना, बास."

मास्तरांनी कागद ओढला. चौदा हजार घनसेंटीमीटरला तीनने गुणलं, चारने भागलं, पायने भागलं आणि हातानेच घनमूळ काढलं. उत्तर आलं पंधरा. कपाटात बायकोचा रेडिओ असायचा तो रिकामा खण अठरा सेंटीमीटर रुंद होता. तो खण भरणार म्हणून मास्तरांना बरं वाटलं.

भांडं आलं ते जरा अंगाने भरलेलं दिसलं खरं. पण डोळे फसतात, गणित फसत नाही. मास्तरांनी ते जेवणाच्या टेबलावर ठेवून भरलं, मासा सोडला आणि उचलायला गेले. भांडं हललं नाही, पाठीत मात्र उसण भरली. मग मगाने अर्धं पाणी काढून, कण्हत ते कपाटापर्यंत गेले. भांडं खणात शिरेना.

"लाकूड फुगलंय," मास्तरांनी माशाला सांगितलं. भांडं परत टेबलावर ठेवून त्यांनी हातोडी आणली. खणाची एक बाजू काढायला गेले, तर वरची फळी कपबशांसकट खाली आली.

काकू धावत वर आल्या. "मास्तर, घर पाडताय का?"

"कपाट चुकलंय."

काकू गेल्यावर त्यांनी कागद पुन्हा पाहिला. पंधरा ही त्रिज्या होती. भांडं तीस सेंटीमीटर रुंद होतं. याच चुकीसाठी त्यांनी आयुष्यभर पोरांना झोडपलं होतं.

रविवारी फोन आला.

"जेवलात का?"

"जेवलो."

"गोळ्या?"

"घेतल्या."

"बरं, ठेवू मग?"

मास्तर घुटमळले. "अरे, मी त्रिज्येलाच रुंदी समजलो."

पलीकडे मुलगा असा हसला की मास्तरांना फोन कानापासून लांब धरावा लागला. "बाबा, आठवीत याच चुकीला तुम्ही मला भोपळा दिला होतात!"

"आठवतंय."

"थांबा, खुर्ची घेतो. पहिल्यापासून सांगा."

मास्तरांनी फळीपर्यंत सगळं सांगितलं. मग शाळेच्या गोष्टी निघाल्या, मग आईच्या. "ती असती तर मोजपट्टी घेऊन दुकानात गेली असती," मास्तर म्हणाले. गोष्टी संपल्या तरी फोन कुणीच ठेवला नाही.

भांडं टेबलावरच राहिलं, बायकोच्या खुर्चीसमोर. पुढच्या रविवारी फोनची वाट बघत मास्तर सकाळपासून तिथे गणितं सोडवत बसले. पान भरलं, पुन्हा पुन्हा तपासलं. सगळी बरोबर होती.

"एखादं तरी चुकायला हवं होतं रे," ते माशाला म्हणाले, आणि त्यांनी आणखी अवघड गणित घेतलं.