काशिनाथचं 'नाहीतर'

काशिनाथसमोर 'जर' म्हणायची सोय नाही. म्हटलंत, तर त्याचं 'नाहीतर' सांगेपर्यंत तो तुम्हाला सोडत नाही.

मोखाड्याचा जीपवाला म्हणतो, भरली की सोडतो. हा शांतपणे विचारतो, "नाय भरली तं?" जीपवाला म्हणतो, भरेल. "पन नाय भरली तं?" शेवटी जीपवाला मला विचारतो, हा तुझ्या ओळखीचा का? आहे, काय करणार. जव्हारच्या हॉस्टेलात आमच्या कॉट शेजारी शेजारी आहेत.

काशिनाथ सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरचा. त्याचा मुख्य विषय भूगोल, माझा मराठी, आणि दोघांचा मायनर कॉम्प्युटर. तो का घेतला, हे मला आता आठवतही नाही. दिवसभराचे तास करून डोकं जड झालं की आम्ही लॅबमध्ये जातो, एका मशीनवर दोघं बसतो आणि काही सुचायच्या आत लाइट जाते. सरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, की मशीनला दोन्ही बाजू सांगाव्या लागतात, असं झालं तर काय आणि नाही झालं तर काय. मी ते ऐकून विसरलो. काशिनाथने मनावर घेतलं. मेसच्या मावशी 'भात उरला तर देते' म्हणायच्या. याला कंटाळून त्या आता त्याचं ताट आधीच वाढून ठेवतात.

मागच्या वेळी तो प्रॅक्टिकलला नापास झाला. प्रोग्रॅममध्ये इतकी 'नाहीतर' घातली होती, की वेळ संपला तरी तो पुरा झाला नाही. या वेळी राहिला असता तर वर्ष अडकणार होतं. त्याने घरचाच प्रोग्रॅम केला. महिना टाकला की त्या महिन्यात घरी काय चालतं ते मशीन सांगायचं. लावणी झाली नाही तर काय, नाचणी कमी पिकली तर काय, झरा आटला तर पाण्याला कुठे जायचं, सगळं होतं. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात, तेही होतं.

परीक्षेत सर एकेक महिना टाकून बघत शेवटी फाल्गुनावर आले. शिमग्याला आई घरी येते. त्यापुढे काहीच नव्हतं.

"आणि नाही आली तर?" सरांनी विचारलं.

"तिथं नाय लिवला, सर."

मार्क जातील, सर म्हणाले, दोन शब्द लिही, मी थांबतो. त्यांनी कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. गेल्या शिमग्याला काशिनाथ सणाला म्हणून घरी गेला आणि दुसऱ्याच दिवशी परत आला होता. मी विचारलं तर म्हणाला, आई भट्टीवरच राहिली. मग भूगोल वाचत बसला.

त्याने कीबोर्ड हळूच मागे सरकवला.

"मला माहीत हाय, सर. मशीनला कशाला सांगायचा?"

सरांनी मार्क कापले आणि काठावर पास केलं. बाहेर आलो तेव्हा मला फार वाईट वाटत होतं. मावशींनी जेवण ठेवलं असेल तर जेवू, एवढंच मी म्हणालो.

काशिनाथने पुढचं काही विचारलं नाही.