यासीनभाईंची सिस्टीम

दर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, दुबईजवळच्या अजमानमध्ये पारा बत्तीसच्या वर असताना, यासीनभाई सुर्वे घरचा हीटर बाल्कनीत आणून टूथब्रशने घासतात. हीटर तेलाचा आहे, त्याला चाकं आहेत आणि अकरा पात्या आहेत. एका पातीला साधारण चार मिनिटं लागतात. टूथब्रश कोरा असतो. त्यांचा स्वतःचा इतका कोरा कधीच नसतो, असं शकीलाभाभींचं म्हणणं आहे.

आमचं दार त्यांच्या दारासमोर. त्यामुळे गेले चार हिवाळे मी या कामाचा साक्षीदार आहे.

त्यांच्यासमोर ‘हीटर’ म्हणायचं नाही. “हीटर दुकानात मिळतो. ही सिस्टीम आहे.” सिस्टीममध्ये खिडक्यांच्या फटींतल्या स्पंजच्या पट्ट्या येतात, एसीच्या जाळीवरचा पुठ्ठा येतो, दाराखाली वाळू भरून ठेवलेली लेंग्याची एक टांग येते आणि सात थर्मामीटर येतात. सहा भिंतींवर आहेत. सातवा दिवाणाच्या पायाला, जमिनीपासून चार बोटांवर बांधलाय. तो वाचायला यासीनभाई फरशीवर पालथे पडतात.

“इतक्या खाली कशाला?” मी एकदा विचारलं.

“पायांचं हवामान वेगळं असतं,” ते फरशीवरूनच म्हणाले.

त्यांचं ठरलेलं वाक्य आहे : “थंडी बेल वाजवून येत नाही.” हे ते कपाळावरचा घाम पुसत म्हणतात. नववीतली आयेशा म्हणते, “पप्पा, इट्स लिटरली समर!” त्यावर उत्तर : “वही आण.” वहीत सात रकाने आहेत. रोज सात आकडे भरले जातात.

यासीनभाई माशांच्या कोल्ड स्टोअरमध्ये सुपरवायझर आहेत. बावीस वर्षं ते उणे अठरा अंशांत सुरमई मोजतायत. तिथल्या थंडीबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

ही सगळी तयारी त्यांच्या अम्मीसाठी असते. उन्हाळ्यात आंब्यांची राखण, पावसात छपराची, म्हणून अम्मींना मोकळीक फक्त हिवाळ्यात. चार वर्षांपूर्वी जानेवारीत त्या हर्णैजवळच्या गावातून महिन्याभरासाठी आल्या आणि दहाव्या दिवशी परत गेल्या. विमानतळावर, सगळ्यांसमोर, म्हणाल्या, “यासीन, हे तुझं घर की तुझी माशांची खोली?”

तेव्हापासून दर हिवाळ्यात बोलावणं जातं आणि नकार येतो. फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे मजल्यावर सगळ्यांना पाठ आहे.

“अम्मी, चोवीस आहे. पायाला तेवीस.”

“तुझ्या चोवीसला घेऊन काय चाटू?”

या वर्षी मात्र त्या म्हणाल्या, “येते. थंडी वाजली तर दुसऱ्या दिवशी परत. मग पुन्हा बोलवायचं नाही. खलास.”

यासीनभाईंनी दुसरा हीटर आणला. रास अल खैमाच्या डोंगराकडे राहणाऱ्या कुणाकडून जुना घेतला. घाईत त्याला टूथब्रश लागला नाही. एका शनिवारी सकाळी दोन्ही हीटर एकदम पूर्ण जोरात चालवून ‘फायनल टेस्ट’ झाली. आतली जुनी धूळ जळली, धूर झाला, छतावरच्या अलार्मने आपलं काम केलं आणि नऊ मजले जिन्याने खाली आले. माझी बायको पासपोर्टांची पिशवी घेऊन आली. माझ्या हातात कुकरची शिट्टी होती. ती का, हे मला अजून सांगता आलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचा इजिप्शियन गृहस्थ टॉवेलवर, डोक्याला साबण.

वॉचमनने विचारलं, “साहब, आग कहाँ है?”

“आग नहीं,” यासीनभाई म्हणाले. “सर्दी की तैयारी.”

वॉचमनने सूर्याकडे पाहिलं. इजिप्शियनने साबण पुसला. “हबीबी,” तो शांतपणे म्हणाला, “व्हिच विंटर?”

डिसेंबरमध्ये अम्मी आल्या. दोन स्वेटर, शाल, कानटोपी, लोकरी मोजे. दिवाणावर बसल्या. आम्ही नवरा-बायको होतो, सामान घेऊन आलेला वॉचमन दारातच थांबला होता. सातही थर्मामीटर सव्वीसवर. यासीनभाईंची नजर अम्मींच्या पायांवर.

दोन मिनिटांनी शाल उतरली. मग कानटोपी. मग पहिला स्वेटर.

“यासीन, मला काय उकडायला घातलंयस? पंखा लाव!”

“अम्मी, पण आकडा बघ ना...”

“आकड्याला नाही उकडत. मला उकडतंय.”

भाभींनी फटीतला स्पंज उपटला, आयेशाने खिडकी उघडली, वॉचमनने परवानगी न घेता पंख्याचं बटण दाबलं. सगळे इतके हसले की शेजारचं दार उघडलं. यासीनभाई तेवढे हसले नाहीत. हीटरची वायर गुंडाळत ते बाहेर पॅसेजमध्ये आले. मी मागे गेलो.

“मागच्या वेळी एसी मीच लावायचो,” ते म्हणाले. “अठरावर. उणे अठरातून आलं की घर भट्टी वाटतं. मला थंडी कळतच नाही आता. अम्मी काही बोलली नाही. पोरगा दमून येतो, त्याला गारवा हवा, म्हणून नऊ दिवस गप्प बसली. नवव्या रात्री शकीलाने तिच्या पायांना हात लावला तेव्हा कळलं.” वायर गुंडाळून झाली होती. त्यांनी ती सोडून पुन्हा गुंडाळायला घेतली. “म्हणून थर्मामीटर घेतले. माझा भरवसा नाही ना.”

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र द्यायला गेलो तेव्हा अम्मी दिवाणावर अनवाणी बसून आयेशाला कांदे चिरायला शिकवत होत्या. पंखा दोनवर होता. टेबलावर वही उघडी होती. सात रकान्यांवर एक तिरकी रेघ ओढलेली. आकडा एकही नव्हता.

खाली यासीनभाईंच्या अक्षरात लिहिलं होतं : “अम्मीला विचारलं. बरं वाटतंय म्हणाली.”