मीटर पुढच्या चाकावर असतो

मोटरसायकलने ऑफिसला गेलं की पैसे वाचतात का, या प्रश्नाचं उत्तर 'हो, वाचतात' असं आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढची हकिकत वाचून तुमचा गैरसमज व्हायचा. वाचतात, चांगले घसघशीत वाचतात. माझे वाचले नाहीत, एवढंच.

मी पाणीपुरवठा खात्यात, मीटर विभागात कारकून आहे. लोकांच्या नळाच्या मीटरचे आकडे तपासायचे आणि ज्यांचा आकडा महिनोन्महिने हलत नाही त्यांना 'आपला मीटर बंद आहे की बंद ठेवला आहे?' अशी नोटीस धाडायची, हे माझं काम. (हे वाक्य माझं आहे. साहेबांनी त्याचं कौतुक केलं होतं.) एकदा बस चुकल्यामुळे मी ऑफिसात उशिरा पोचलो, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या हेडक्लार्कना माझी दया आली. त्यांनी एका रद्द नोटिशीच्या पाठीवर हिशेब मांडला. नऊ किलोमीटर जाणं, नऊ येणं, बसचं भाडं एवढं, पेट्रोल तेवढं, म्हणजे रोज निम्मं भाडं खिशात. वर्षाचा आकडा काढून त्यांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या.

खाली दोन रेघा असलेल्या आकड्यावर शंका घेणं माझ्या रक्तात नाही. त्या कागदावर गाडीचा हप्ता नव्हता, सर्व्हिसिंग नव्हतं, आणि मी पडल्यावर येणारा खर्चही नव्हता, हे मला फार पुढे लक्षात आलं. हेडक्लार्क स्वतः ऑफिसला चालत येतात, हेही तेव्हाच.

कागद घेऊन मी घरी आलो. बायको मशीनवर होती. ती घरी शाळेचे गणवेश शिवते, एका ठेकेदारासाठी. मशीन पायाने चालवायचं, त्यामुळे तिचा उजवा गुडघा संध्याकाळपर्यंत सुजतो. मोटरवर चालणारं मशीन घ्यायचं म्हणून ती चार वर्षं बिस्किटांच्या एका डब्यात पैसे साठवत होती. माझी नजर त्या डब्यावर गेली. (गेली कसली, मी घरात शिरलो तेव्हापासून ती तिथेच होती.)

"अगं, हे पैसे नुसते बसून आहेत," मी म्हणालो. "यातून गाडीचे सुरुवातीचे पैसे भरू. मग रोज जे वाचेल ते मी रोज डब्यात टाकीन. वर्षाच्या आत मशीन दारात!"

"आणि नाही आलं तर?"

"तर मी स्वतः तुझं मशीन पायाने चालवीन."

तिने माझ्या पायांकडे एकदा बघितलं आणि डबा माझ्या हातात दिला. तिचा माझ्यावर विश्वास आहे, हाच आमच्या संसारातला एकमेव धोका.

लायसन्सची परीक्षा मी तिसऱ्या खेपेला पास झालो. पहिल्या दिवशी निघालो तेव्हा बायको दारात उभी होती. गल्लीच्या टोकापर्यंत उत्तम गेलो. पुढे मोठा रस्ता लागला आणि माझ्या लक्षात आलं, की बसमध्ये बसल्यावर आपण ज्यांना 'काय बेशिस्त लोक आहेत' असं म्हणतो ते सगळे आता माझ्या दोन्ही बाजूंनी चालले आहेत. सिग्नलला थांबलो. डावा पाय खाली टेकवायला गेलो, तर जमीन होती त्याहून जरा खाली निघाली. मग गाडी आणि मी, कुठलीही घाई न करता, सावकाश डावीकडे कललो आणि एका टोमॅटोच्या गाडीवर आडवे झालो.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "हे चार किलो टोमॅटो कशाला?"

"स्वस्त मिळाले."

"सगळे फुटलेत हो!"

"म्हणून तर स्वस्त!"

चार दिवस मी असा ऑफिसला गेलो. रोज घरातून निघताना देवाला आणि पोचल्यावर वॉचमनला नमस्कार करायचो. पाचव्या दिवशी मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी आलो आणि हातच पुढे जाईनात. तिथे एका मिस्त्रीचं गॅरेज आहे, आणि त्याच्या समोरच बसचा थांबा. मी मिस्त्रींना म्हणालो, "गाडी दिवसभर इथे ठेवली तर चालेल?"

"चालेल की, साहेब. जागेचे पैसे पडतील. चावी ठेवून जा, मागंपुढं करायला लागते."

मी चावी दिली, हेल्मेट काखेत मारलं आणि समोर आलेल्या बसमध्ये चढलो. खरं सांगतो, इतकं हलकं मला लग्न ठरल्यावरही वाटलं नव्हतं.

तेव्हापासून हा रोजचा नेम झाला. सकाळी रुबाबात किक मारून निघायचं, गल्लीच्या टोकाला गाडी मिस्त्रींच्या ताब्यात द्यायची आणि बस पकडायची. संध्याकाळी उलट. बसचा कंडक्टर मला 'हेल्मेट' म्हणायला लागला. "हेल्मेट, पुढे सरका. इथे अपघात होत नाहीत!" लोक हसायचे. मीही हसायचो. न हसून सांगतो कुणाला?

आता खर्च बघा. बसचं तिकीट होतंच. त्यात गाडीचा हप्ता आला, जागेचे पैसे आले, आणि या सगळ्याच्या वर रोज संध्याकाळी बायकोच्या डब्यात 'आजची बचत' टाकायची होती. ही बचत करण्यासाठी मी ऑफिसातला चहा सोडला. वर्तमानपत्र हेडक्लार्कांच्या खांद्यावरून वाचू लागलो. केस कापणं पुढे ढकललं, त्यामुळे हेल्मेट घट्ट बसू लागलं, हा त्यातल्या त्यात फायदा. डब्यात नाणी पडली की बायको खूश व्हायची आणि मशीनवर बसायची. त्या पायडलचा आवाज मला ऐकवत नसे. हप्त्यासकट हिशेब केला तर मशीन यायला एकोणीस वर्षं लागणार होती. मला स्वतःची मनापासून लाज वाटायची. रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. पण ती दारात येऊन म्हणायची, "आलात? गाडीवर शोभता हो तुम्ही!" आणि मी छाती पुढे काढून हेल्मेट काढायचो.

आमची ही शिवणकाम करते, त्यामुळे आकडे तिच्या डोक्यातून जात नाहीत. चार वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप ती आजही सांगेल. एका रविवारी तिने गाडी पुसायला घेतली.

"अहो, मागच्या रविवारी इथे दोनशे अकरा होते. आज दोनशे सोळा आहेत."

"मग?"

"ऑफिस जवळ आलं का?"

"मीटर अडकतो मधेच," मी म्हणालो.

"बंद आहे की बंद ठेवला आहे?" ती म्हणाली. (घरी येऊन नोटिसा वाचून दाखवू नयेत.) "मिस्त्रींना दाखवा उद्या."

सोमवारी सकाळी मी मिस्त्रींकडे गेलो आणि म्हणालो की मला शंभरेक किलोमीटर हवे आहेत, जागेवरच. गाडी स्टँडवर चढवली, सुरू केली, गिअर टाकला. मागचं चाक हवेत गरागरा फिरू लागलं. अर्धा तास मी जागच्या जागी साठच्या वेगाने बसलो होतो. दोन बस सोडल्या. मग वाकून मीटर बघितला. दोनशे सोळा.

मिस्त्री चहा पीत हे सगळं बघत होते. ते म्हणाले, "साहेब, मीटर पुढच्या चाकावर असतो."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"मला वाटलं, मागचं चाक वाळवताय."

मग मिस्त्री मागच्या सीटवर वजन टाकून बसले, पुढचं चाक उचललं गेलं, आणि मी उकिडवा बसून ते हाताने फिरवू लागलो. एका किलोमीटरला साडेपाचशे फेरे पडतात. दोनशे फेऱ्यांनंतर माझं मनगट गेलं. पंधरा वर्षं मी लोकांना मीटरमधल्या लबाडीबद्दल नोटिसा देतोय, पण या लबाडीला एवढे कष्ट पडतात याची मला कल्पना नव्हती. त्या दिवशी ऑफिसात मी दोन नोटिसा फाडून टाकल्या.

संध्याकाळी मिस्त्री मला बघून उगाचच हसले. "साहेब, मीटरचं आता माझ्यावर सोडा. रोज दोन फेऱ्या मारून आणतो. पेट्रोलचंही बघू नका."

एवढा चांगुलपणा मी जगात पाहिला नव्हता. तरी माझ्या मनात काही आलं नाही. गाडीचे आरसे रोज खाली वळलेले असायचे, जणू कुणी बुटकं माणूस बसलं होतं. मिस्त्री म्हणाले, पुसताना हलतात. हँडलला निळा दोरा अडकलेला दिसला, पण शिवणाऱ्या बाईच्या घरात दोरा चहातसुद्धा सापडतो. त्याच सुमारास माझं तपकिरी जॅकेट हरवलं. त्याचाही मी कशाशी संबंध लावला नाही. (सरकारी नोकरीत संबंध लावायची सवय राहत नाही.)

पुढच्या रविवारी बायको गाडी पुसताना म्हणाली, "तीनशे पन्नास! ऑफिस लांब गेलं का हो?"

"रस्ता खोदलाय. वळसा पडतो."

"बिचारे," ती म्हणाली आणि मला न मागता दुसरा चहा दिला.

असे चार महिने गेले. मग परवा सकाळी आमची बस बाजारच्या चौकात सिग्नलला थांबली. मी दांड्याला लोंबकळत होतो. खिडकीबाहेर बघतो तर शेजारीच माझी मोटरसायकल! नंबर माझा, टाकीवरचा टोमॅटोच्या गाडीचा ओरखडा माझा. वर लाल हेल्मेटातलं कुणीतरी बसलेलं, मागे दोरीने बांधलेलं भलंमोठं गाठोडं. गाठोड्याच्या पुढे मिस्त्रींचं पोट मावलंच नसतं, म्हणजे ते नव्हेत. माझ्या डोळ्यांपुढे बायकोचा बिस्किटांचा डबा आला, तिचा सुजलेला गुडघा आला. चार वर्षांचे तिचे पैसे सिग्नल सुटायची वाट बघत होते!

"चोर! चोर!" मी ओरडलो. "माझी गाडी चोरली! आणि अंगातलं जॅकेटपण माझंच आहे!"

कंडक्टरने घंटी मारली. अख्खी बस खाली उतरली आणि मोटरसायकलला गराडा पडला. मी हेल्मेट उगारून पुढे झालो. त्या माणसाने शांतपणे गाडी स्टँडला लावली, लाल हेल्मेट काढलं आणि केस सारखे केले.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही बसमध्ये काय करताय?"

मी उगारलेलं हेल्मेट हळूच खाली घेतलं.

"कोण आहे ही बाई?" कंडक्टरने विचारलं.

"बायको आहे," मी म्हणालो.

"आणि चोर?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"तू... तुला गाडी येते?"

"आठ दिवसांत शिकले. लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं."

मग तिने सगळं सांगितलं. त्या सोमवारी दुपारी मीटरच्या दुरुस्तीचे किती पडले हे विचारायला ती स्वतःच गॅरेजमध्ये गेली होती. तिथे गाडी उभी. मिस्त्रींनी मागच्या चाकासकट सगळी हकिकत सांगितली. त्या दिवसापासून मी बसमध्ये चढलो की ती गाडी काढायची. आधी शिकायला, आणि लायसन्स मिळाल्यावर गणवेश ठेकेदाराला न देता थेट दुकानांत पोचवायला. ठेकेदाराचा हिस्सा वाचला, टेम्पोचं भाडं वाचलं.

"आणि मी मिस्त्रींना देत होतो ते जागेचे पैसे?" मी विचारलं. "गाडी तर जागेवर नव्हतीच."

"ते मिस्त्री मलाच द्यायचे. प्रामाणिक माणूस आहे. मी ते डब्यात टाकायचे."

मला एकदम भरून आलं. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी इतक्या ऐटीत हेल्मेट काढायचात, मोडवेना मला." मग तिने गाठोड्यावर थाप मारली. "हा शेवटचा माल. याचे पैसे आले की आजच मशीन घेऊन येणार आहे."

गर्दीतल्या एका बाईने टाळी वाजवली. मीही वाजवली. चार महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, त्यामुळे मी जरा धिटाईने म्हणालो, "चल तर मग. मला ऑफिसला सोड. आता लपवायचं काय राहिलंय!"

तिने मागच्या गाठोड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"जागा कुठाय? आणि तुमचं तिकीट काढलेलं आहे ना? ते कशाला वाया घालवायचं?"

सिग्नल सुटला. ती गर्दीतून अशी सफाईने निघून गेली, की आमच्या ड्रायव्हरनेसुद्धा मान डोलावली. माझं जॅकेट तिला खरंच शोभत होतं. मी बसमध्ये चढलो आणि रिकाम्या झालेल्या एका सीटवर बसलो. कंडक्टर समोर येऊन उभा राहिला.

"तिकीट."

"अहो, मघाशीच काढलंय!"

"मधे उतरलात ना? उतरलं की तिकीट संपलं. नियम आहे. काढा नवीन."

"अहो, सगळेच उतरले होते!"

"ते चोर पकडायला उतरले होते, हेल्मेट," तो म्हणाला. "तुम्ही बायकोला भेटायला उतरलात."

मी खिशात हात घातला. बायकोच्या डब्यात टाकायला बाजूला ठेवलेली 'आजची बचत' तेवढी होती. तिकीट बरोबर तेवढ्याचंच आलं.