हलेल तो वाचेल

जगातली प्रत्येक जड वस्तू आज ना उद्या भंगारात जाते. तिला तसं कळवणारं फक्त कोणीतरी लागतं. पोलादाच्या त्या कारखान्यात हे काम क्रेनचालकाकडे होतं. सगळे त्याला ‘उचल्या’ म्हणत. (चोरीचा आळ नव्हे, कामाचं वर्णन.) तो उंचावरच्या केबिनमध्ये बसे आणि खाली साखळ्यांना जेवणाच्या टेबलाएवढं चुंबक लोंबे. खटका दाबला की गुळाला मुंगळे चिकटावेत तसं भंगार चिकटायचं, सोडला की धाडदिशी बादलीत. बादली भट्टीत उपडी झाली की त्याचंच पोलाद.

एकदा भंगाराचे ट्रक यायचेच थांबले. तापलेली भट्टी उपाशी राहून थंड पडली तर आतून तडकते, मग सगळेच घरी. मोठ्या साहेबांनी तातडीने समिती नेमली. समितीने दिवसभर बसून व्याख्या केली: ‘जे लोखंडी आहे, जड आहे आणि आपल्या जागेवरून हलत नाही, ते भंगार.’ (समितीही दिवसभर हलली नव्हती. लोखंडी नसल्याने सुटली.)

उचल्याला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. आजवर त्याने गंजकं उचललं होतं. आता रंगवलेलं उचलायचं होतं. हिशेबवाल्यांनी गोदामाची कपाटं दाखवली, गोदामवाल्यांनी हिशेबवाल्यांची तिजोरी. (किल्ल्या आतच होत्या. आता चिंता मिटली.) मग फाटक गेलं, सायकलींचा स्टँड गेला, ‘सावधान! वर पाहा’ ही पाटीसुद्धा गेली. कोणी वर पाहिलं नाही. उत्पादन शंभर टक्के वाढलं. या पोलादाला गिऱ्हाईकही लगेच मिळालं. त्याला तातडीने कपाटं, तिजोऱ्या आणि एक फाटक बनवायचं होतं. मागणी याच कारखान्याची होती.

उचल्याची बायको कँटीन सांभाळायची. आपला लोखंडी ओटा हवेत तरंगत गेलेला तिने पाहिला आणि पाठोपाठ चुंबक मोठ्या पातेल्यावर आलं, तसं तिने पातेलं दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायला सुरुवात केली.

“हे हलतंय,” ती वर बघून म्हणाली. “नेऊन दाखवा.”

उचल्याने नियम आठवून पाहिला. बायकोचं बरोबर होतं. घरीही सहसा असायचं.

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुपारपर्यंत सगळा कारखाना हलायला लागला. कारकून खुर्च्यांसकट डुलू लागले, शिपाई घंटा घेऊन पळू लागला, मुकादमाने यंत्राला झोका दिला. काम कोणी करत नव्हतं, पण इतकी हालचाल कारखान्याच्या इतिहासात झाली नव्हती.

आवारात फक्त एक गाडी निश्चल उभी होती. उचल्याने ती टपाला धरून उचलली. बादलीवर आणली तेव्हा काच खाली झाली आणि मोठ्या साहेबांचं झोपाळलेलं तोंड बाहेर आलं.

“मी आत आहे,” साहेब म्हणाले.

“साहेब, नियमात आतल्यांबद्दल काही नाही.”

उचल्याचा हात खटक्यावर होता. सोडला तर साहेब भट्टीत, न सोडला तर नियम. साहेबांनी खाली पाहिलं, क्षणभर विचार केला आणि आतूनच गाडीला जोरात हेलकावे द्यायला लागले.

“बघ, हलतेय,” ते धापा टाकत म्हणाले.

उचल्याला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. तो खो खो हसत सुटला. लटकती गाडी त्याने आवारावरून दोनदा गरगर फिरवून आणली. वरून डोलणारा कारखाना बघून साहेबांनाही हसू आवरेना. “सोडू नकोस,” ते म्हणाले, “कचेरी आता इथेच.” तेव्हापासून बैठका हवेत भरतात.

गेल्या बैठकीत एकमताने दुरुस्ती झाली. लोखंड संपत आल्यामुळे व्याख्येतला ‘लोखंडी’ हा शब्द गाळला आहे. उरलं ते एवढंच: जे जड आहे आणि जागेवरून हलत नाही.

केबिनमधून उचल्याला फार लांबचं दिसतं. कोणीतरी बराच वेळ एकाच जागी बसून काहीतरी वाचतंय, असं त्याने आत्ताच साहेबांना कळवलं. निदान पाय तरी हलवा.