न उडणारा फ्यूज

माझ्या हातचा फ्यूज उडत नाही! एकदा बसवला की बसवला!

नऊ वर्षांपूर्वी आमच्या घरातला फ्यूज महिन्यातून चारदा उडायचा. इस्त्री लावली, उडाला. पाणी तापत ठेवलं, उडाला. शेवटी एका रविवारी मी पक्कड घेऊन स्टुलावर चढलो आणि असं काही काम केलं की त्यानंतर आमच्याकडे अंधार म्हणून झाला नाही. पाहुणे आले की चहाच्या आधी मी त्यांना फ्यूजची पेटी दाखवायचो.

गेल्या महिन्यात त्या पेटीतून जळका वास यायला लागला.

"अहो, ती पेटी बदलून घेऊ या," बायको म्हणाली. "आणि तुम्ही चढू नका. शिकलेला माणूस बोलवा."

"शिकलेलाच बोलावणार! परवाना बघितल्याशिवाय घरात पाऊल टाकू देणार नाही!"

आली ती तिशीतली एक मुलगी. परवाना तिने मी मागायच्या आतच पुढे केला. मी चष्मा लावून तो वाचला. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली.

तिने मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, पहिला फ्यूज उपसला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"काका, हे काय आहे?"

"फ्यूज!" मी कौतुकाने सांगितलं.

"फ्यूजमध्ये बारीक तार असते. भार जास्त झाला की ती वितळते, वीज बंद पडते आणि घर वाचतं. उडणं हेच तिचं काम असतं. ही कपडे वाळत घालायची तार आहे. तीही तिपेडी वळलेली!"

मजबूत आहे ना पण, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात तिने पेटी भिंतीपासून ओढली. मागची फळी तव्याच्या बुडासारखी काळी पडली होती. तिने भिंतीवर टकटक केलं.

"पलीकडे काय आहे?"

"सासूबाईंची खाट," बायको म्हणाली. आई त्याच भिंतीला उशी लावून झोपते.

"कुणी केलंय हे?"

'मी' एवढंच म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम! पण माझ्या तोंडून निघालं, "आधीच्या वायरमनने! काय सांगू तुम्हाला, एक नंबरचा अडाणी माणूस!"

"त्यांचा नंबर द्या. आणखी कुणाकडे असं करून ठेवलं असेल तर आग लागेल."

"तो... तो गेला. शहर सोडून गेला!"

"कोण गेलं?" बायको म्हणाली. "आपल्याकडे कायम कोपऱ्यावरचे मास्तर यायचे. ते कुठेही गेलेले नाहीत!"

"मास्तरांनी केलं हे?" आई आतून येत म्हणाली. "अरे, देवमाणूस आहे तो!"

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. माझी मान मला न विचारता वरखाली हलली.

त्या मुलीचा चेहरा एवढासा झाला. "टेक्निकल शाळेत शिकवायचे ते मास्तर? मी त्यांचीच विद्यार्थिनी आहे. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला फ्यूजच शिकवला होता." तिने फोन काढला.

"कशाला त्यांना या वयात त्रास!" मी म्हणालो.

"त्यांनी केलं नाही, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

मास्तर आले. दोन मजले चढून, काठी टेकत, प्रत्येक वळणावर थांबत. काठीचा आवाज जवळ येत गेला तसा मला घाम फुटत गेला. त्यांनी फ्यूज हातात घेतला, फिरवून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या आईकडे.

"असेल," ते म्हणाले. "माझंच असेल. हल्ली नीट दिसत नाही मला."

"सर, तुम्ही?" एवढंच म्हणून त्या मुलीने मान खाली घातली. मास्तरांनीही घातली. माझी लाज झाकायला त्या म्हाताऱ्या माणसाने चाळीस वर्षांचं नाव स्वतःच्या विद्यार्थिनीसमोर मातीत घातलं होतं! आणि मी तिथे त्या मुलीने धरायला दिलेली पक्कड घेऊन उभा!

"मी केलं!" मी ओरडलो. इतक्या जोरात, की समोरच्यांचं दार उघडलं. "मास्तरांचा काही संबंध नाही! तार मी घातली! खोटंही मीच बोललो!"

कुणी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग आई हळूच म्हणाली, "तरीच भिंत कोमट लागायची रे. मला वाटायचं, ऊन येतंय." आणि ती आपली उशी उचलायला आत गेली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आणखी कुणाकुणाकडे केलंयत हे?" बायकोने विचारलं.

"कुणाकडे नाही! म्हणजे समोर... आणि खाली... आणि वर दोन्हीकडे."

दुपारपर्यंत नवी पेटी बसली. तपासणीसाठी त्या मुलीने एक बटण दाबलं. खटकन खटका पडला आणि सगळे दिवे गेले. "शाब्बास!" मास्तर म्हणाले. नऊ वर्षांनी माझ्या घरातले दिवे गेले आणि सगळ्यांना आनंद झाला.

"चला," मास्तर मला म्हणाले. "टॉर्च घ्या."

पुढे मास्तर आणि ती मुलगी, मागे मी. सुरुवात वरच्या वहिनींपासून. मी दारातच सांगून टाकलं, "वहिनी, तुमचा फ्यूज मी बसवलाय. तो काढायला आलोय."

"काढायला? का हो?" वहिनींनी मास्तरांकडे वळून माझं कौतुकच सुरू केलं. "यांच्या हातचा फ्यूज म्हणजे काय सांगू! एकदाही उडाला नाही! यांचं बघून मीसुद्धा शिकले. माझ्या तिन्ही बहिणींकडे मी स्वतः बसवून आले!"

मास्तर जिन्याच्या कठड्याला टेकले. "पत्ते लिहून घे," त्यांनी त्या मुलीला सांगितलं.

मी मान खाली घातली आणि टॉर्च वर धरली.

"सरळ धरा," मास्तर म्हणाले.

तेवढंही जमत नव्हतं हो मला!