आकाशपेठ मालिकेचा शेवटचा भाग व सोफा काबीज केल्याची हकीकत

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, वार रविवार, ते दिवशी प्रांत राळेगाव येथे मारोतराव यांचे बैठकीत जे वर्तमान घडले, ते पुढील लेकीबाळींस ठाऊक असावे म्हणोन लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही.

पूर्वपीठिका ऐसी. तीस वर्षांमागे टीव्हीवर ‘आकाशपेठ’ नामे मालिका होती. अंतराळात तरंगते सात मजल्यांचे शहर, वरच्या मजल्यास ऊन आणि तळमजल्यास वरच्यांनी सोडलेली हवा, ऐसा तेथील बंदोबस्त. अखेरीस तळमजल्याची चंद्रा अवघे जिने चढोन वरचे दार ठोठावते आणि पुढे कोणी बोलत नाही, नुसती बासरी वाजते. तीच मालिका यंदा नव्या साजाने पुन्हा मांडली आणि आज चार वाजता तिचा शेवटचा भाग होता.

तांड्यावरील धनीबाई, मारोतरावांचे शेतात कापूस वेचणार, हिने पहिली मालिका याच घरी बाहेरच्या दारात उभी राहोन पाहिली. परंतु मध्ये लोखंडी कपाट तैनात, त्याकारणे पडद्याचा निम्मा मुलूख तिचे नजरेस कधी आला नाही. चंद्राने दार ठोठावले इतके दिसले. कोणी उघडले आणि कोणत्या तोंडाने उघडले, ते कपाटाआड गेले, आणि बासरीवरून काही निष्पन्न होईना. तीस वर्षांत टीव्ही तीन बदलले, कपाट हलले नाही. यंदा तरी अवघे पाहावे ऐसा मनसुबा धरोन धनीबाई ओसरीत आली, आणि माठावर कोनाड्यात मजुरांसाठी निराळा ठेवलेला, पोचा पडलेला गिलास होता, त्याकडे न बघता थेट दारात दाखल जाहली.

आत सोफा नामे बळकट ठाणे आणि त्यावर खासे मारोतराव आडवे. मग धनीबाईने अर्ज गुदरला, “बाई, आज आत बसू का वो? मले तिकडचं दिसत नाही.”

मालकीणबाई बेबीताई सैपाकघराचे दारात लाटणे घेऊन उभ्या होत्या. त्यांचा जबाब आला, “तुले तिकडचं दिसत नाही, मले इकडचं. मधात फ्रिज हाय ना.”

पूर्वी फ्रिजाचे जागी धान्याची कोठी होती. सासऱ्यांपुढे बसू नये हा दंडक, मग सासरे वारले आणि दंडक राहिला. म्हणोन बेबीताईंनी दार उघडणारी वरच्या मजल्याची राणी तेवढी पाहिली होती, आणि तिला पाहून चंद्राने काय केले ते त्यांस तीस वर्षे ठाऊक नव्हते. दोघींत आजवर बोलणे जाहले ते कापसाचे आणि गुडघ्यांचे, हे कधी निघाले नाही.

मग दोन्ही फौजा एक जाहल्या. मारोतरावांस हुकूम गेला की पाय आवरावे.

“काहून? तिथून दिसत नाही का?”

“अर्धंच दिसून राह्यलं. तीस वर्षांपासून,” बेबीताई म्हणाल्या.

“मंग सांगतलं काहून नाही?”

मारोतरावांनी आधी एक पाय खाली घेतला, मग दुसरा, आणि मग उठोन दारात उभे राहिले. दोघी मधोमध बसल्या. चंद्रा जिने चढली. राणीने दार उघडले, आणि चंद्रा आत जाऊन राणीचे खुर्चीवर बसली आणि तिने खुणेने पाणी मागितले.

“मले बी तहान लागली,” धनीबाई म्हणाली. बेबीताई सवयीने उठू लागल्या, तो तिने पदर धरला. “बस ना बाई, पुढचं हुकेल.”

मग बेबीताईंनी फर्माविले, “अवो, दोन गिलास पानी आना.”

मारोतरावांनी जन्मात कोणास पाणी आणून दिले नव्हते, सबब कोणता गिलास कोणाचा याची त्यांस वार्ता नव्हती. एक माठावरचा घेतला, एक कोनाड्यातला, आणि चकचकीत होता तो धनीबाईस दिला, पोच्याचा बेबीताईंस. दोघींनी गिलासांकडे पाहिले. मग बेबीताईंनी पोचा पलीकडे फिरविला आणि पाणी पूर्ण प्याल्या.

दोन्ही गिलास मोरीत एकत्र घासले गेले. येणेप्रमाणे सोफा फत्ते जाहला. मारोतराव तूर्त खुर्चीवर असतात. कोनाड्यात आता काडेपेटी ठेवतात.